फल्लीचं दूध, चारोळीचं दूध

"दूध बंद करा," असं डॉक्टरांनी सांगितलं की आमच्याकडे घरात पहिला प्रश्न निघतो तो चहाचा. दह्याचं काय, खिरीचं काय, हे सगळं नंतर. कुणाला दुधाने पोट गच्च होतं, कुणाच्या अंगावर पित्त उठतं. कुणी गोठ्यातल्या जनावरांचे हाल पाहून मनानेच दूध सोडलेलं असतं. कुणाची मुलगी पुण्याहून सुट्टीला येते आणि पहिल्याच सकाळी सांगते, "आई, मी आता दूध घेत नाही." मग घाईघाईने नागपूरहून बदामाच्या दुधाचा खोका मागवला जातो. त्या एका खोक्याच्या पैशात गावच्या गवळ्याकडून म्हशीचं तीन-चार लिटर दूध येतं. खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली तर बदामाचं प्रमाण बहुतेक वेळा शंभरात दहाच्या आतच असतं. बाकी पाणी, साखर आणि ते दूध फाटू नये म्हणून घातलेले पदार्थ.

बदाम येतो कुठून? जगातला सुमारे ऐंशी टक्के बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतो आणि तिथल्या बदामाचं सर्वात मोठं परदेशी गिऱ्हाईक आपला देश आहे. म्हणजे आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या एका स्वयंपाकघरात दूध सुटलं तर त्याची भरपाई अर्ध्या जगाला वळसा घालून येते. हे मला पटत नाही. ज्या जिल्ह्याच्या शेतात भुईमूग, तीळ आणि जवस होतो, ज्याच्या जंगलात चारोळी होते, तिथे हा प्रश्न घरातच सुटायला हवा. आणि तो सुटतो. हा लेख त्याचाच आहे.

खरं तर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत असं दाण्यांचं दूध वर्षातून पाच-दहा वेळा होतंच. एकादशीला दाण्याची आमटी करतो तेव्हा आपण काय करतो? दाणे वाटायचे, पाणी घालून सरसरीत करायचे, उकळायचे. जिरं, मिरची, आमसूल आणि मीठ पडतं म्हणून ती आमटी होते. होळीच्या थंडाईत बदाम, खसखस आणि मगज पाट्यावर वाटून पाण्यातच कालवतात. कोकणात आणि गोव्यात तर नारळाच्या रसाशिवाय रोजचं पान हलत नाही. सोलकढीला कुणी कधी पर्यायी दूध म्हटलं नाही आणि म्हणायची गरजही पडली नाही. बाहेरच्या जगातही हे जुनंच आहे. चीनमध्ये सोयाबीनचं दूध घरोघर प्यालं जातं. मध्ययुगीन युरोपात उपासाच्या दिवसांत जनावराचं दूध वर्ज्य, म्हणून बदामाचं दूध चाले. स्पेनच्या व्हॅलेन्सियात गवतासारख्या एका वनस्पतीच्या गाठींपासून ओर्चाता नावाचं थंडगार पेय आजही करतात.

भद्रावती हे नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरचं गाव. एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला आयुध निर्माणी, आणि मधोमध नागमंदिर, विजासनची लेणी आणि दूरदूरच्या यात्रेकरूंना ओढून आणणारं पार्श्वनाथाचं जैन मंदिर. रेल्वे स्टेशनाच्या पाटीवर अजूनही भांदक हे जुनं नाव आहे. दूध सोडणं ही इथे नवी गोष्ट नाही. श्वेतांबर जैनांमध्ये चैत्रात आणि आश्विनात नऊ-नऊ दिवसांची आयंबिलाची ओळी असते. त्या दिवसांत दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ वर्ज्य असतात. सहा विगयांच्या, म्हणजे वर्ज्य मानलेल्या पदार्थांच्या, त्या यादीत पहिलं नाव दुधाचंच आहे. हा संयम आहे, तेव्हा आयंबिलात दुधाच्या जागी दाण्याचं दूध चालवून घेण्याचा प्रश्नच येत नाही, कारण स्निग्ध पदार्थ सोडणं हाच त्याचा हेतू. मात्र त्या दिवसांपलीकडे, दूध कायमचं सोडलेल्या जैन घरातही शेंगदाणा चालतो. भुईमूग मातीखाली होत असला तरी तो कंद नाही, शेंग आहे.

या भागात दुधाची गंगा कधीच नव्हती, हेही ध्यानात घेतलं पाहिजे. कोल्हापूर-सांगलीकडे दूध संघ उभे राहिले तसे पूर्व विदर्भात राहिले नाहीत, आणि त्याची कारणं गोठ्यातच सापडतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या धानपट्ट्यात कठाणी गाय असते. अंगाने लहान, पायाने चपळ, धानाच्या चिखलात न थकता चालणारी ही जात. तिचे बैल चिखलणीला आणि बंडीला उत्तम. दूध मात्र वासरू पिऊन उरेल तेवढंच. वर्धा-नागपूरकडची गवळाऊही मुख्यतः कामाचीच जात म्हणून नावाजली. शेतकऱ्याने गाय पाळली ती बैलासाठी आणि शेणखतासाठी. चरवी भरून दूध काढायचं हे गणित इथे फार उशिरा आलं.

आणि त्याही पलीकडे, जंगलाच्या आत, गाय दोहण्याचीच रीत नव्हती. १९८२च्या २६ ऑगस्टला चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात भामरागड आणि एटापल्ली हे माडिया आदिवासींचे तालुके आहेत. माडिया आणि मारिया गोंडांच्या पारंपरिक जेवणात गाईच्या दुधाला जागा नव्हती. दूध वासराचं, ते वासराने प्यावं. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी शेजारच्या बस्तरमधल्या मारिया गोंडांवर १९३८ साली ग्रंथ लिहिला, त्यात या समाजाच्या खाण्यापिण्याचं सविस्तर वर्णन आहे. पुढे १९७० साली फ्रेडरिक सिमून्स या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने दक्षिण आशियात कुठे दूध काढतात आणि कुठे काढत नाहीत याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुधाला देवत्व देणाऱ्या या देशाच्या मधोमध दूध न पिणाऱ्या आदिवासींचे मोठमोठे प्रदेश आहेत, हे त्यातून समोर आलं. या माणसांची स्निग्धाची आणि प्रथिनांची गरज भागत होती ती मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल, चारोळी, मासे, शिकार, डाळी आणि रानभाज्यांतून.

आपण शहरातली माणसं हे ऐकून हळहळतो. हळहळण्यासारखं त्यात काही नाही. दूध पचवायला आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. आईचं दूध पिणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाळात ते असतं आणि बहुतेक माणसांत अंगावरचं दूध सुटल्यावर ते हळूहळू कमी होतं. मोठेपणीही ते टिकवणारा जनुकीय बदल काही पशुपालक समाजांत झाला आणि पसरला. २०११ साली भारतीय लोकसंख्येवर झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात दिसलं की युरोपात सापडणारा तोच बदल भारतातही आहे. वायव्येकडे त्याचं प्रमाण जास्त, आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे जावं तसं ते घटत जातं. पंजाबातला शेतकरी लोटाभर दूध पिऊन कामाला जातो आणि पूर्व विदर्भातल्या अनेकांना कपभर दुधाने गुडगुडतं, याचं मूळ इथे आहे. दही-ताक त्यातल्या त्यात सोसतं, कारण विरजणाच्या जिवाणूंनी दुधातली बरीच साखर आधीच संपवलेली असते. तेव्हा दूध न सोसणं हा रोग नाही, ती देहाची मूळ स्थिती आहे. हे एकदा घरातल्यांनी मान्य केलं की "दूध पी, ताकद येईल" असा लहान-मोठ्यांच्या मागे लागणारा लकडा तरी थांबेल.

दाण्याच्या दुधाचा विषय निघाला की वर्ध्याकडे वळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भद्रावतीहून वरोरा, मग हिंगणघाट, मग वर्धा. या वाटेवरच्या सेवाग्रामात जो माणूस राहिला त्याने आयुष्यातला मोठा काळ दुधाला पर्याय शोधण्यात घालवला.

गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत, टॉल्स्टॉय फार्मवर, हर्मन कॅलनबाख यांच्यासोबत दूध सोडलं. ब्रह्मचर्याचा विचार त्यामागे होताच. कलकत्त्याचे गवळी गाई-म्हशींकडून शेवटचा थेंब काढण्यासाठी जो क्रूर प्रकार करत, त्याची वर्णनं वाचून आलेली घृणाही होती. फार्मवर फळं, शेंगदाणे, केळी, लिंबं आणि ऑलिव्हचं तेल एवढ्यावर ते राहिले. पुढे १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव पायपीट करताना भाजलेल्या शेंगदाण्याचा लगदा आणि लिंबू हाच त्यांचा मुख्य आहार होता. त्यातच त्यांना जबरदस्त आमांश झाला आणि ते मरणाच्या दारात जाऊन आले. मुंबईत डॉ. दलाल यांनी स्पष्ट सांगितलं की दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजींनी व्रताची अडचण सांगितली. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, हे त्यांच्या बोलण्यात आलं. शेजारी कस्तुरबा उभ्या होत्या. मग शेळीच्या दुधाला काय हरकत, असं त्यांनी तिथल्या तिथे विचारलं. गांधीजी शेळीचं दूध प्याले, उठून उभे राहिले आणि रौलट कायद्याविरुद्धच्या लढ्यात उतरले. व्रताचं अक्षर राखलं पण आत्मा दुखावला, ही बोच त्यांनी आत्मकथेत मोकळेपणी लिहून ठेवली आहे.

मला या कथेतलं महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. शेळीचं दूध घेत असतानाही त्यांनी शोध थांबवला नाही. १९२९ साली साबरमतीच्या आश्रमात त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, नारळ. तब्येत साथ देईना तेव्हा प्रयोग आवरता घेतला आणि तसं जाहीरही केलं. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला आणि दुसऱ्याच वर्षी तिथल्या जेवणात सोयाबीन आलं. त्याचे अनुभव 'हरिजन'मध्ये छापले गेले. पुढे १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावरचं छोटं पुस्तक लिहायला घेतलं, तेव्हाही त्यांची श्रद्धा तीच होती. असंख्य वनस्पतींमध्ये दुधाची जागा घेणारी एखादी असलीच पाहिजे, पण वैद्य-डॉक्टर ती शोधायला बसत नाहीत. आणि ती सापडेपर्यंत दूध सोडण्याचा आग्रह त्यांनी इतरांना केला नाही. स्वतःच्या देहावर प्रयोग करणाऱ्याने दुसऱ्याच्या देहाबद्दल एवढी सावधगिरी बाळगली, ही गोष्ट आजच्या उत्साही मंडळींनी मनावर घ्यावी अशी आहे.

त्याच काळात तिकडे अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शेंगदाण्याच्या मागे लागले होते. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे हे नाव मराठी घरांत नातेवाइकासारखं झालं आहे. १९२१च्या जानेवारीत कार्व्हर वॉशिंग्टनला संसदेच्या समितीपुढे उभे राहिले. दहा मिनिटांची वेळ मिळाली होती, ती समितीनेच वाढवत नेली. टेबलावर एकामागून एक मांडलेल्या शेंगदाण्याच्या पदार्थांत दुधाची बाटलीही होती. हे दूध पहिल्यांदा त्यांनीच केलं असं नाही, इंग्लंडमध्ये त्याआधीच त्याचं पेटंट घेतलं गेलं होतं. पण कापसाने निकस केलेल्या जमिनीत गरीब शेतकऱ्याने भुईमूग पेरावा आणि त्याच शेतातून घराचं पोषण काढावं, हा कार्व्हर यांचा विचार होता. कापसाने थकलेल्या विदर्भाच्या जमिनीला तो परका वाटू नये.

आता स्वयंपाकघरात येऊ.

आमच्याकडे शेंगदाण्याला फल्लीदाणे म्हणतात. दूध करायचं तर वाटीभर, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम कच्चे फल्लीदाणे घ्यायचे. भाजलेले नकोत. भाजल्याने खमंग वास येतो खरा, पण दाण्यातलं प्रथिन घट्ट होतं, पाण्यात नीट उतरत नाही आणि सगळं सत्त्व चोथ्यात राहतं. दाणे परातीत पसरून निवडायचे. सुरकुतलेला, काळा पडलेला, बुरशीचा हिरवट-पिवळा डाग असलेला, चाखल्यावर कडू लागणारा दाणा टाकून द्यायचा. हे निवडणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्याचं कारण पुढे सांगते.

निवडलेले दाणे धुऊन भरपूर पाण्यात सात-आठ तास भिजवायचे. हा हिशोब थंडीचा. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत ओट्यावर रात्रभर ठेवलेले दाणे सकाळी आंबूस येतात, म्हणून चार तास पुरे किंवा गंज फ्रिजमध्ये ठेवावा. भिजवणीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर कच्चा वास बराच जातो. ते पाणी ओतून द्यायचं. दाणे दोन्ही तळव्यांत चोळले की गुलाबी सालं सुटून वर तरंगतात, ती पाण्याबरोबर काढून टाकायची. सालं राहिली तर दूध तपकिरी दिसतं आणि किंचित तुरट लागतं. मग दाणे उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं टाकून उपसायचे. या पायरीचा बहुतेक जण कंटाळा करतात आणि मग दुधाला हरभऱ्यासारखा वास येतो म्हणून तक्रार करतात. दाणा पाण्यात वाटला की त्यातलं एक विकर तेलावर काम करू लागतं आणि तो वास तयार होतो. वाटण्याआधीच गरम पाण्याने ते विकर मारलं की वास उगवतच नाही.

मिक्सरमध्ये आधी अगदी थोडं पाणी घालून गंधासारखं वाटायचं. बोटांत चोळून पाहावं, रवा लागता कामा नये. मग उरलेलं पाणी घालून एकदा फिरवायचं. सगळं मिळून लिटरभर पाणी. पाट्या-वरवंट्यावरही होतं, फक्त दमाने करावं लागतं. वाटताना पाहत राहिलं तर पाणी एकदम दुधाळ होताना दिसतं. दाण्याच्या पेशींत तेल अतिसूक्ष्म थेंबांत साठवलेलं असतं आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनाचं पातळ वेष्टन असतं. वाटल्याने पेशी फुटतात, ते थेंब वेष्टनासकट पाण्यात सुटतात आणि एकमेकांत न मिसळता तरंगत राहतात. त्यांच्यावरून उजेड विखुरतो म्हणून पांढरं दिसतं. गाईच्या दुधाचा पांढरेपणाही अशाच विखुरण्याचा आहे, तिथे स्निग्धाच्या थेंबांच्या जोडीला प्रथिनाचे कण असतात.

धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळायचं. पुरचुंडी करून पिळताना हाताला चोथा कोरडा लागेपर्यंत पिळायचं. गाळलेलं दूध जाड बुडाच्या गंजात मंद आचेवर ठेवून दहा-पंधरा मिनिटं उकळायचं. इथे गंजासमोरून हलायचं नाही. फेस झपाट्याने वर येतो आणि बुडाला लागायला वेळ लागत नाही, म्हणून लाकडी उलथनं तळाशी फिरत राहिलं पाहिजे. शेवटी मिठाची कणी. गूळ घालायचाच तर दूध कोमट झाल्यावर, कारण गरम दुधात गूळ पडला की ते फाटण्याची भीती असते. फ्रिजमध्ये दोन दिवस, फार तर तीन. वर साय धरल्यासारखा थर येतो, हलवलं की मिसळतो.

आता त्या चहाचं. चहात आम्ल असतं आणि पातळ केलेल्या दाण्याच्या दुधाला ते सहन होत नाही. चहा दुधात उकळायची आपली सवय इथे सोडावी लागते. कोरा चहा वेगळा करावा, गाळून कपात ओतावा, त्याचा कढ निवला की गरम केलेलं दूध हळूहळू घालावं. आलं नंतर नको, चहासोबत आधीच उकळलेलं असावं. रंग थोडा उतरलेला दिसतो आणि दाण्याची चव मागे राहते. सवयीला चार-आठ दिवस लागतात. खीर, शेवया, कढी आणि भाजीच्या रश्श्याला मात्र पहिल्या दिवसापासून हे दूध उत्तम जमतं. दहीही लागतं. कोमट दुधात विरजण घालावं किंवा दही नको असेल तर हिरव्या मिरचीचे आठ-दहा देठ टाकून रात्रभर ठेवावं, देठांवरचे जिवाणू काम करतात. असं पहिलं दही पातळ होतं. त्याचंच विरजण पुढे लावत गेलं की घट्ट होतं.

चोथा फेकायचा नाही. ज्वारीच्या पिठात मळून भाकरी करावी, लसूण-तिखट घालून चटणी कुटावी, वांग्यात भरावा. त्यात तंतू आणि बरंच प्रथिन शिल्लक असतं.

तिळाचं दूध याहून सोपं आणि चवीला वेगळंच. थंडीत करावं. दोन-तीन तास भिजवून, वाटून गाळलं की झालं. साल न काढलेल्या तिळात शंभर ग्रॅमला साडेनऊशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, हा आकडा बऱ्याच ठिकाणी मोठ्या उत्साहाने सांगतात. पण त्यातलं बहुतेक सालात ऑक्झलेटशी बांधलेलं असतं, शरीराला सगळं मिळत नाही, आणि साल काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात तर फारच थोडं उरतं. तरी किंचित कडसरपणा चालवून घेऊन सालासकट तीळच वापरावा. जवसाचं निराळं. धान कापणीला येण्याआधी उभ्या पिकात, ओल्या बांध्यांत जवस फेकून पेरायची उतेऱ्याची पद्धत आपल्या धानपट्ट्यात जुनी आहे. जवस भिजवला की चिकट बुळबुळीत होतो, त्याचं वेगळं दूध करायला जाऊ नये. चमचाभर भाजलेला जवस फल्लीसोबत वाटला तर दूध दाट होतं आणि मासे न खाणाऱ्याला ओमेगा-३ मिळतं.

आणि चारोळी. एप्रिल-मे महिन्यांत गडचिरोलीच्या जंगलात चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, फळं पिकतात. काळपट जांभळी, करवंदाहून लहान. गर खाऊन झाला की आतली कठीण गुठळी उरते. ती वाळवायची, जात्याची पाळी हलकेच फिरवून फोडायची, पाखडायची, तेव्हा कुठे मसुरीएवढी चारोळी हाती येते. मूठभर चारोळीमागे बाईचे किती तास जातात हे ज्याने पाहिलं तो बासुंदीवर चारोळी सढळ हाताने उधळणार नाही. तिचं दूध सर्वांत सुंदर होतं यात मला शंका नाही. गरम पाण्यात भिजवून, चोळून, वाटून केलेल्या या दुधाला अर्ध्याहून अधिक तेल असलेल्या त्या दाण्यामुळे आपोआप बासुंदीचा दाटपणा येतो. दिवाळीला एकदा जरूर करावं. रोजचं मात्र करू नये. मागणी वाढली की फळं काढण्यासाठी फांद्याच काय, आख्खं झाडच तोडलं जातं, हे मध्य भारतातल्या जंगलांत घडलेलं आहे. गुठळीच्या भावात आणि सोललेल्या चारोळीच्या भावात मोठं अंतर असतं, ते अंतर बहुधा मधला व्यापारी खातो. वनहक्क कायदा २००६चा. त्याखाली २००९ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि मग जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा स्वतःचं वनोपज स्वतः विकू लागल्या. चारोळी घ्यायची तर शक्य तिथे ग्रामसभेकडून किंवा बचत गटाकडून घ्यावी.

दोन दाण्यांबाबत सावध राहावं. बिब्ब्याच्या आतली गोडंबी खाण्याजोगी आणि चविष्ट असते, पण कवचातलं तेल कातडीवर पडलं तर फोड येतात. घरी बिब्बे फोडून दूध करायला बसू नये, फोडलेली स्वच्छ गोडंबीच घ्यावी. आणि मोहाच्या टोळीचं दूध कुणी सुचवलं तर ऐकू नये. तेल निघतं म्हणून ते बी पिण्याजोगं होत नाही, त्यात सॅपोनिनं असतात.

दाणे निवडायला का सांगितलं ते आता. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता घेता बोट ठेवलं गेलं ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर. तिच्यावर वाढलेल्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार केलं होतं. हे विष यकृतावर घाव घालतं, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कर्करोगाला कारण होतं, आणि दूध उकळल्याने ते जात नाही. ओलसर जागी साठवलेल्या, पावसात भिजलेल्या शेंगांत त्याचा धोका जास्त. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याचं प्रथिन आणि जनावराचं दूध एकत्र करून 'मिलटोन' नावाचं पेय तयार केलं होतं. दूध कमी असलेल्या देशात मुलांना स्वस्त प्रथिन मिळावं, असा विचार त्यामागे होता. अशा पेयापुढेही मोठा प्रश्न हाच, या विषापासून मुक्त, स्वच्छ दाणा कसा मिळेल. घरात मात्र तो सोपा आहे. शेंगा वाळवून, टरफलासकट ठेवाव्यात, लागतील तेवढ्या फोडाव्यात आणि डोळ्यांनी निवडाव्यात.

आता पोषणाचा खरा हिशोब. दीडशे ग्रॅम फल्लीत सदतीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. अर्ध्याहून जास्त दुधात उतरतात, म्हणजे लिटरला वीस-पंचवीस ग्रॅम. गाईच्या दुधात बत्तीस-चौतीस. फरक आहे, पण वरण-भात खाणाऱ्या घराला तो जाचणारा नाही. कॅल्शियमचं तसं नाही. गाईच्या लिटरभर दुधात सुमारे बाराशे मिलिग्रॅम, फल्लीच्या दुधात फार तर सव्वाशे. बी-१२ तर कोणत्याच वनस्पतीत भरवशाचं नाही. दूध आणि अंडी दोन्ही सोडलेल्या माणसाने बी-१२ची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावीच, तिथे हट्ट कामाचा नाही. कॅल्शियमसाठी नाचणी, सालासकट तीळ आणि पालेभाज्या ताटात पाहिजेत. शेंगदाण्याची अॅलर्जी ज्या घरात आहे तिथे हा सगळा लेख बाजूला ठेवावा.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट लहान बाळांची. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचंच दूध. आईचं दूध मिळणं शक्य नसेल तर डॉक्टर सांगतील ते. दाण्याचं, तिळाचं, बदामाचं, कुठलंही घरी केलेलं दूध त्याची जागा घेऊ शकत नाही. पांढरं दिसतं म्हणून बाटलीत भरून पाजलं तर बाळाची वाढ खुंटते, हे जगभरातल्या बालरोगतज्ज्ञांनी पाहिलेलं आहे. कुपोषणाशी झगडणाऱ्या चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत ही चूक परवडणारी नाही. वर्षाच्या वरच्या मुलाला फल्लीचं दूध खिरीत, पेजेत, शेवयांत खुशाल द्यावं, ते अन्न म्हणून चांगलंच आहे. पण त्याच्या ताटातलं वरण, अंडं आणि चालत असेल तर दूध-दही काढून त्या जागी ते देऊ नये. मूल अंगाने भरत नसेल तर आधी अंगणवाडीत नेऊन वजन करून घ्यावं आणि डॉक्टरांना दाखवावं.